मायामीहून एव्हरग्लेड्स: एअरबोटची एका दिवसाची सहल कशी आखाल?

फ्लोरिडाला निघालेल्या मराठी घरांची यादी साधारण ठरलेली असते. ऑरलँडोचं डिस्ने, केप कॅनव्हरल, मायामीचा किनारा, जमलं तर की वेस्ट. एव्हरग्लेड्सच्या वाट्याला उरलासुरला अर्धा दिवस येतो. गाडी लावायची, अर्धा तास एअरबोटीत, म्हणजे मागच्या मोठ्या पंख्याने पाण्यावरून पळणाऱ्या सपाट बोटीत बसायचं, ॲलिगेटरचे, म्हणजे मगरीच्या तिथल्या भाऊबंदाचे, चार फोटो काढायचे आणि परत फिरायचं. माझं आग्रहाचं सांगणं आहे की या जागेला सकाळ ते संध्याकाळ असा पूर्ण दिवस द्या. बोटीची मजा खरीच आहे, पण प्राणी-पक्षी मनसोक्त पाहायला मिळतात ते इंजिन बंद असताना आणि पायी चालताना. दिवस त्या हिशेबाने आखायचा.

हा लेख नुकतेच अमेरिकेत आलेल्यांसाठी, आणि भारतातून आलेल्या आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांसाठीही आहे.

जागा कशी आहे

एव्हरग्लेड्सला सगळे दलदल म्हणतात, पण इथलं पाणी साचलेलं नाही, ते वाहतं. ओकीचोबी तलावाकडचं पाणी उथळ पसरून दक्षिणेला फ्लोरिडा बे नावाच्या खाडीकडे सरकत जातं. जमिनीला उतार मैलाला जेमतेम दोन-तीन इंच, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना पाणी हलताना दिसतच नाही. मार्जरी स्टोनमन डग्लस यांनी १९४७ साली याला गवताची नदी म्हटलं आणि ते नाव कायमचं चिकटलं. त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या हस्ते इथल्या राष्ट्रीय उद्यानाचं उद्घाटन झालं. १९७९ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे.

विसाव्या शतकात शेती आणि शहरांसाठी कालवे खणून इतकं पाणी वळवलं गेलं की मूळ एव्हरग्लेड्सचा निम्मा भागच आज उरला आहे. तुम्ही ज्या रस्त्याने जाणार तो टॅमियामी ट्रेल १९२८ साली खुला झाला आणि या नदीला आडवा बांध होऊन बसला. अलीकडे त्याचे काही तुकडे पुलांवर उचलून घेतले आहेत, म्हणजे खालून पाणी पुन्हा दक्षिणेला जाऊ शकेल. गाडी त्या पुलांवर चढली की मुलांना हे जरूर सांगा. नाहीतर बाहेर दोन्ही बाजूंना नुसतं गवत आहे असं वाटून ती फोनमध्ये डोकं घालतील.

कधी जायचं

डिसेंबर ते एप्रिल. यावर माझी फारशी तडजोड नाही. हा कोरडा हंगाम. पाणी आटतं, मासे उरलेल्या डबक्यांत गोळा होतात आणि त्यांच्यामागे पक्षी आणि ॲलिगेटर एकाच ठिकाणी येतात. हवा गार असल्याने ॲलिगेटर ऊन खायला काठावर पडून राहतात, त्यामुळे शोधावे लागत नाहीत. डास कमी असतात.

मे ते नोव्हेंबर पावसाळा. पाणी सगळीकडे पसरतं, प्राणीही पांगतात, डास हैराण करतात आणि दुपारी विजांसह पाऊस ठरलेला. १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचाही हंगाम. मुलांच्या शाळेच्या सुट्टीमुळे उन्हाळ्यातच जमत असेल तर जा, पण बोट सकाळची पहिली घ्या आणि दुपारपर्यंत सगळं आटपा.

बोट कुठली निवडायची

राष्ट्रीय उद्यानाच्या बहुतेक भागात एअरबोटींना बंदी आहे. १९८९ च्या कायद्याने ईशान्येचा जो पट्टा उद्यानाला जोडला गेला, तिथेच परवानाधारक कंपन्या प्रवाशांना फिरवतात. मायामीकडून जाताना टॅमियामी ट्रेलवर त्या ओळीने लागतात: कूपरटाउन, गेटर पार्क आणि एव्हरग्लेड्स सफारी पार्क. त्यापुढे मिकोसुकी या आदिवासी जमातीच्या हद्दीत त्यांच्या स्वतःच्या एअरबोटी आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या सेमिनोल युद्धांत अमेरिकी सैन्याला चुकवत या लोकांचे पूर्वज या गवतात आणि झाडांच्या बेटांवर शिरले आणि इथेच टिकले. १९६२ साली अमेरिकी सरकारने त्यांना स्वतंत्र जमात म्हणून मान्यता दिली. झावळ्यांनी शाकारलेल्या, चारी बाजूंनी मोकळ्या अशा त्यांच्या झोपड्यांना चिकी म्हणतात. वाटेत तशा दिसतील. ती लोकांची घरं आहेत, न विचारता फोटो काढू नका.

बोटीचे दोन प्रकार मिळतात. मोठ्या बोटीत अनेक कुटुंबं एकत्र बसतात आणि फेरी अर्ध्या-पाऊण तासाची असते. तिकीट माणशी तीस-चाळीस डॉलरांच्या आसपास धरून चाला. खासगी छोटी बोट तास-दीड तासाची आणि बरीच महाग. पण पाच-सहा जण असाल, आणि पक्ष्यांची खरी आवड असेल, तर जास्तीचे पैसे तिथे घाला. छोट्या बोटीचा कॅप्टन तुमच्यासाठी थांबतो, मोठ्या बोटीला वेळापत्रक सांभाळावं लागतं.

बुकिंग करताना हे विचारून घ्या: फेरी नक्की किती मिनिटांची? बोट उद्यानाच्या हद्दीत जाते का, आणि जात असेल तर उद्यानाचं प्रवेशशुल्क तिकिटात धरलं आहे का? पावसामुळे फेरी रद्द झाली तर पैसे परत मिळतात की तारीख बदलून देतात? आजी-आजोबांना चढायला किती पायऱ्या आहेत, व्हीलचेअर चालते का? गरोदर बाईने आणि पाठीचं किंवा मानेचं ऑपरेशन झालेल्यांनी बोटीत बसू नये हे बरं. वेगात बोटीला दणके बसतात.

शुल्काची एक बाब भारतातून पाहुणे आलेल्यांनी विशेष पाहावी. २०२६ पासून अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या पर्यटकांना काही मोठ्या राष्ट्रीय उद्यानांत जादा शुल्क भरावं लागतं, आणि एव्हरग्लेड्स त्या यादीत आहे. निघण्याआधी उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर चालू दर आणि कोणतं ओळखपत्र लागतं ते पाहून घ्या. चार पाहुणे असतील तर दिवसाचा खर्च एकदम बदलतो.

आदल्या रात्रीची तयारी

कपडे हा विषय साधा वाटतो, पण एअरबोटीत तो सुरक्षिततेचा आहे. बोटीच्या मागे जाळीच्या पिंजऱ्यात विमानासारखा मोठा पंखा असतो. सैल टोपी, ओढणी, स्कार्फ, पदर, हातातला कागद, जे सुटेल ते सरळ तिकडे ओढलं जातं. आईला साडीच नेसायची असेल तर वरून जॅकेट घालून पदर आत नीट खोचा, नाहीतर पंजाबी ड्रेस आणि ओढणी गाडीत. केस बांधलेले, टोपीला हनुवटीखाली बंद, चष्म्याला दोरी. जानेवारीत सकाळी पारा कधी कधी दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो आणि बोटीचा वारा त्यावर, त्यामुळे फ्लोरिडा म्हणून नुसत्या टी-शर्टवर जाऊ नका.

कानांना लावायला बोटवाले हेडसेट किंवा बोळे देतात. ते लावायचेच. लहान मुलांच्या डोक्याला मोठ्यांचे हेडसेट बसत नाहीत, त्यांच्यासाठी मापाचे घरून न्या. ज्यांना कानाचं यंत्र आहे त्यांनी ते बोटीत बसण्याआधी काढून डबीत ठेवावं.

दुर्बीण न्या. एकच असली तरी चालेल, पण न्या. सनस्क्रीन, डासांचं मलम, भरपूर पाणी. फोनचं नेटवर्क वाटेत जातं-येतं, म्हणून नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा. ड्रोन घरीच राहू द्या, राष्ट्रीय उद्यानात ते उडवता येत नाही.

खाणं घरूनच न्या. या रस्त्यावरच्या खानावळींत तळलेलं ॲलिगेटर, बेडकाचे पाय आणि कॅटफिश मिळतो. शाकाहारी माणसाच्या पदरात फ्रेंच फ्राइज पडतात. दशम्या, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी चटणी असं न सांडणारं काही बांधून घ्या. गाडीची टाकी मायामीतच भरा, शहराच्या पश्चिम कडेचा क्रोम अव्हेन्यू हा रस्ता ओलांडल्यावर पंप तुरळक.

दिवस कसा लावायचा

मायामीतून साडेसातला निघा. रस्ता अगदी सरळ आहे. लिटल हवानातला प्रसिद्ध साउथवेस्ट एट्थ स्ट्रीट म्हणजेच पुढे टॅमियामी ट्रेल होतो, त्याच रस्त्याने पश्चिमेला जात राहायचं.

बोटींचे फलक दिसले तरी हिवाळ्यात आधी थांबू नका. पुढे शार्क व्हॅलीला जा. हे उद्यानाचं उत्तरेकडचं प्रवेशद्वार आहे, आणि तिथली पार्किंगची जागा इतकी मर्यादित की सुट्टीच्या दिवशी उशीर झाला तर बाहेर रस्त्यावर रांग लागते. इथून १५ मैलांचा एक डांबरी फेरा निघतो. खासगी गाड्यांना त्यावर बंदी आहे, फक्त उद्यानाची ट्राम, सायकली आणि पायी चालणारे. मध्यावर निरीक्षण मनोरा आहे, आणि त्याला चढायला उताराची वाट असल्याने गुडघे दुखणाऱ्यांनाही सावकाश वर जाता येतं. वरून चहूकडे क्षितिजापर्यंत गवत, त्यात झाडांची बेटं आणि मधूनमधून चमकणारं पाणी दिसतं. ट्रामची फेरी साधारण दोन तासांची असते आणि वाटाड्या माहिती देत जातो. ज्येष्ठांबरोबर असाल तर ट्राम आधीच बुक करा. तरुण मंडळींनी सायकल भाड्याने घ्यावी, पण पंधरा मैलांत सावली नाही आणि मध्येच परतायला आडवाट नाही, एवढं ध्यानात असू द्या.

ट्राम नको, सायकलही नको, तर फेऱ्याच्या पश्चिमेकडच्या सरळ रस्त्यावर कालव्याच्या कडेने अर्धा-एक मैल चाला. हिवाळ्यात ॲलिगेटर रस्त्याच्या अगदी कडेला पहुडलेले असतात. तिथे कुंपण नाही, म्हणून शिस्त आपली आपण पाळायची. किमान १५ फूट अंतर, मुलांचे हात धरलेले, पाण्याच्या काठावर बसायचं नाही, आणि त्यांना काहीही खायला टाकायचं नाही. ॲलिगेटरला खाऊ घालणं फ्लोरिडात गुन्हा आहे. माणसाकडून खाणं मिळतं हे एकदा कळलं की तो माणसांची भीती सोडतो, आणि मग त्याला ठार करावं लागतं.

जेवण इथेच, गाडीजवळ उरका. कचरा सगळा परत न्यायचा. मग परतीच्या वाटेवर दोन-अडीचची बोट घ्या. सहलीच्या बसगाड्यांची मधली गर्दी तोवर ओसरू लागते, ऊन तिरपं होतं, आणि मुख्य म्हणजे ॲलिगेटर कुठे आणि कसे असतात हे तुमच्या डोळ्यांना आता कळलेलं असतं.

बोटीत काय होतं

एअरबोटीचा तळ सपाट असतो आणि पाण्याखाली पंखा किंवा सुकाणू काहीच नसतं, म्हणून ती वीतभर पाण्यावरून आणि गवतावरूनही सरकते. मागचा पंखा हवा ढकलतो, त्यामागचे उभे पडदे हवेची दिशा वळवतात, आणि ते फिरवणारा कॅप्टन उंच खुर्चीवर बसतो. ब्रेक नाहीत. रिव्हर्सही साधारणपणे नाही. त्यामुळे कॅप्टनचं कौशल्य हाच भरवसा. पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या कॅप्टनला फ्लोरिडात २०१९ पासून एअरबोटीचं खास प्रशिक्षण आणि प्रथमोपचाराचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो.

पुढच्या रांगेत समोरचं दृश्य मोकळं, पण पाण्याचे शिंतोडे तिथेच जास्त. मागे आवाज मोठा. मी कडेची जागा धरेन. हातपाय मात्र आतच: इथलं सॉग्रास नावाचं गवत करवतीसारख्या दातेरी कडांचं आहे, वेगात लागलं तर कातडी चिरतं.

सुरुवातीला बोट कालव्यातून हळू जाते, मग मोकळ्या गवतात वेग घेते, कॅप्टन एखादी गिरकी मारतो आणि मुलं किंचाळतात. हे सगळं आनंदाने घ्या. त्यानंतर तो कुठेतरी इंजिन बंद करतो. ही वेळ फोटोंच्या गडबडीत घालवू नका. हेडसेट काढा, मिनिटभर गप्प बसा आणि पाण्याची पातळी डोळ्यांनी चाळत जा. लाकडाच्या ओंडक्यासारखं काही दिसलं आणि त्याला दोन उंचवटे असले तर तो ॲलिगेटर. डोळ्यांपासून नाकपुड्यांपर्यंत जितके इंच, साधारण तितके फूट त्याची लांबी, असा इथला अंदाज आहे. पूर्ण वाढलेला नर तेरा फुटांपर्यंत जातो, मादी सहसा दहाच्या आत राहते.

सांगलीला कृष्णेत किंवा चिपळूणला वाशिष्ठीत मगर पाहिलेल्यांना ॲलिगेटरचं रुंद तोंड ओळखीचं वाटेल, रंग मात्र जास्त काळा. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला अमेरिकन क्रोकोडाइलही राहते. ती राखाडी-हिरवट, निमुळत्या तोंडाची, आणि तोंड मिटलं तरी खालच्या जबड्याचा चौथा दात बाहेर दिसतो. हे दोघं निसर्गात एकत्र राहतात असा जगात हा एकच प्रदेश. पण बोट फिरते त्या गोड्या पाण्यात दिसेल तो ॲलिगेटरच, क्रोकोडाइल खाऱ्या पाण्याच्या बाजूला.

ॲलिगेटर नुसता भीतीचा विषय नाही. तो तोंडाने आणि शेपटीने चिखल उकरून खड्डा करतो, आणि कोरड्या दिवसांत सगळीकडचं पाणी गेलं की त्या खड्ड्यात मासे, कासवं आणि पक्षी जगतात. १९६७ साली तो नष्ट होण्याच्या धोक्यातल्या प्राण्यांत गणला गेला होता. शिकारबंदी कडक झाली आणि १९८७ पर्यंत तो पूर्ण सावरला. आज फ्लोरिडात अंदाजे १३ लाख आहेत.

पक्ष्यांकडे बघा

सगळ्यांच्या नजरा ॲलिगेटरवर असतात आणि पक्षी राहून जातात, याचं मला फार वाईट वाटतं. पंख पसरून वाळवत बसलेली ॲन्हिंगा ही आपल्याकडच्या तिरंदाजाची, म्हणजे सापमान्याची, जवळची नातेवाईक. पाण्यात फक्त लांब मान वर असते. लाल चोचीची पांढरी शराटी, मोठे बगळे, नशीब असेल तर गुलाबी चमच्या. कमळाच्या पानांवरून लांब बोटांनी चालत जाणारी निळी-जांभळी पर्पल गॅलिन्यूल दिसली की बोटीत एकच गलका होतो. तिची चोच लाल आणि टोक पिवळं. तिच्यापेक्षा चांगली थोराड, चोच पूर्ण लाल असलेली दिसली तर ती आपल्या तळ्यांतली जांभळी पाणकोंबडी आहे. पाळलेले पक्षी सुटून १९९० च्या दशकात ती दक्षिण फ्लोरिडात रुजली.

टक्कल असलेला वुड स्टॉर्क नावाचा करकोचा पाण्यात चोच उघडी धरून चालतो आणि मासा चोचीला लागला की क्षणात मिटतो. असं स्पर्शाने मासे धरायचे तर ते थोड्या पाण्यात दाटीने असावे लागतात, म्हणून पाण्याची पातळी बिघडली की त्याची वीणच बुडते. स्नेल काइट या घारीची चोच वाकडी असते ती ॲपल स्नेल या गोगलगायी शंखातून ओढून काढण्यासाठी.

हे पक्षी सहज वाचलेले नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बायकांच्या टोप्यांवरच्या पिसांसाठी इथल्या बगळ्यांच्या वसाहतीच्या वसाहती कापल्या गेल्या. त्यांची राखण करणारा गाय ब्रॅडली हा वनरक्षक १९०५ साली शिकाऱ्याच्या गोळीला बळी पडला.

रॅकून, ससे, हरणं मात्र फारशी दिसणार नाहीत. त्याचं मोठं कारण बर्मी अजगर. पाळलेले अजगर सुटले, सोडले गेले आणि वाढले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रॅकून दिसण्याचं प्रमाण सुमारे ९९ टक्क्यांनी घटल्याचं आढळलं. अजगर स्वतः मात्र गवतात इतके बेमालूम मिसळतात की पर्यटकाला क्वचितच दिसतात.

फेरी संपल्यावर कॅप्टनला माणशी पाचेक डॉलर टिप द्यायची पद्धत आहे. काही ठिकाणी तोंड बांधलेलं ॲलिगेटरचं पिल्लू हातात घेऊन फोटो काढू देतात. मुलांनी हट्ट केला तरी नको म्हणा. दिवसभर या हातातून त्या हातात फिरणं त्या जिवाला सोसत नाही, आणि मोकळे ॲलिगेटर तुम्ही एव्हाना पुष्कळ पाहिलेले असतात.

मुक्काम ऑरलँडोत असेल तर

तिथून मायामीकडे यायला साडेतीन-चार तास लागतात, एका दिवसात जाऊन येणं दमवतं. त्यापेक्षा किसिमीजवळच्या तलावांवर एअरबोट घ्या. हा राष्ट्रीय उद्यानाचा भाग नाही, पण एव्हरग्लेड्सच्या पाण्याचा उगम याच बाजूला आहे: किसिमीच्या तलावांतून ते ओकीचोबीत येतं. ॲलिगेटर आणि पक्षी तिथेही भरपूर.

आणि मायामीत आणखी एक सकाळ हाताशी असेल तर होमस्टेडकडच्या मुख्य प्रवेशद्वाराने ॲन्हिंगा ट्रेलला जा. लाकडी पुलांची छोटी, सपाट वाट आहे, व्हीलचेअरही जाते. तिथल्या पार्किंगमध्ये काळी गिधाडं गाड्यांचे वायपर आणि काचांभोवतीचं रबर ओरबाडतात, म्हणून उद्यानाने ताडपत्र्या आणि दोऱ्या ठेवल्या आहेत. पाच मिनिटं लागली तरी गाडी झाका, भाड्याची असेल तर नक्कीच. परतताना होमस्टेडच्या आसपास रेडलँड भागात फळांची दुकानं लागतात. हंगामाप्रमाणे चिकू, फणस, पेरू, आंबे मिळतात, आणि परदेशात राहून चिकूला मुकलेल्यांनी त्यासाठी वाट वाकडी करायला हरकत नाही.